विदेशी कठीण लाकडाचा शोभेचा वाडगा: ठोकळ्यापासून पॉलिशपर्यंत

आफ्रिकन पडौकाचा ठोकळा लेथवर चढवून पहिली ढलपी निघते, तेव्हा आतले लाकूड ओल्या शेंदरासारखे केशरी दिसते आणि दहा मिनिटांत तोच रंग हातांवर, बाह्यांवर आणि मागच्या भिंतीवर बसलेला असतो. पर्पलहार्टची रीत वेगळी आहे. ताज्या कापात ते मळकट तपकिरी दिसते आणि हवा-उजेड लागला की काही दिवसांत जांभळे होत जाते. वेंगे जवळजवळ काळे असते आणि त्यातून तपकिरी रंगाच्या केसाएवढ्या रेघा गेलेल्या असतात. या रंगांच्या ओढीने अनेक जण लाकूड कातण्याकडे वळतात आणि पहिलाच वाडगा अशा महागड्या लाकडाचा करायला घेतात. तसे करू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. विदेशी कठीण लाकूड कातण्याचे तंत्र आंब्याच्या किंवा बाभळीच्या लाकडापेक्षा मुळात निराळे नाही. मात्र ओलावा, धार आणि धूळ या तीन बाबतींत झालेली हयगय ही लाकडे पोटात घालत नाहीत. म्हणून पहिले आठ-दहा वाडगे जवळ मिळणाऱ्या लाकडाचे करावेत आणि हात बसला की पडौकाला हात घालावा. खालची कृती १५० मिलिमीटर, म्हणजे सुमारे ६ इंच व्यासाच्या आणि ६० मिलिमीटर उंचीच्या वाडग्यासाठी आहे. लहान लेथवर हे माप निर्धास्तपणे फिरते आणि ठोकळ्याचे वजनही किलोच्या आतबाहेरच राहते.

लाकूड कातणाऱ्याला मराठीत कातारी म्हणतात, म्हणजे हे काम आपल्याकडे नवे नाही. सावंतवाडीची लाकडी फळे आणि खेळणी किंवा कर्नाटकातल्या चन्नपट्टणची लाखेची खेळणी पाहिली, तर त्यांतले बरेचसे काम लेथवरचेच असते. मात्र त्या कामात मऊ, फिकट लाकूड घेतात, त्याचे तंतू बहुधा लेथच्या अक्षाला समांतर ठेवतात आणि वर रंगीत लाख चढवतात. वाडग्यात तंतू अक्षाला आडवे असतात आणि लाकडाचा स्वतःचा रंग उघडा ठेवायचा असतो. तंतू आडवे असल्यामुळे प्रत्येक फेऱ्यात धारेसमोर दोनदा तंतूंची कापलेली टोके येतात आणि दोनदा त्यांची लांब बाजू येते. वाडगा कातण्यातल्या बहुतेक अडचणी येथून सुरू होतात आणि त्यांवरचे उपायही येथूनच समजतात.

लाकडाची निवड

सरावासाठी मी रेन ट्रीची शिफारस करतो. मुंबईच्या रस्त्यांच्या दुतर्फा उभा असलेला हा पर्जन्यवृक्ष मूळचा मध्य आणि दक्षिण अमेरिकेतला, म्हणजे एका अर्थाने तोही विदेशीच आहे. त्याचा गाभा चॉकलेटी तपकिरी आणि बाहेरचा थर पिवळसर असतो, त्यामुळे एकाच वाडग्यात दोन रंग मिळतात. वाळताना हे लाकूड फारच कमी आकसते. हवाई बेटांवर याच झाडाच्या वाडग्यांचा मोठा व्यवसाय उभा राहिला, त्यामागे हा गुण होता. कोकणात आणि गोव्यात लावलेली ऑस्ट्रेलियन बाभूळही कातायला उत्तम आहे. पावसाळ्यात पडलेल्या झाडाचा ओंडका रस्त्यावर दिसला, तरी तो परस्पर उचलू नये. महानगरपालिकेच्या उद्यान विभागाकडे रीतसर विचारणा करावी. उभे झाड तोडण्यासाठी तर शहरी भागात १९७५ च्या झाडांचे संरक्षण व जतन अधिनियमाखाली वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते.

महाग लाकडांपैकी पहिले लाकूड म्हणून आफ्रिकन पडौक योग्य ठरते. ते कठीण असले तरी धारेला आडमुठेपणा करत नाही, वाळल्यावर आकाराला स्थिर राहते आणि दारे-चौकटींसाठी आयात होत असल्याने त्याचे तुकडे वखारीत मिळू शकतात. मुंबईत रे रोडच्या आणि पुण्यात टिंबर मार्केटच्या वखारींत उरलेल्या जाड तुकड्यांची चौकशी केली, तर तयार कापलेल्या गोल ठोकळ्यापेक्षा ते बरेच स्वस्त पडतात. पडौकाचाच आपल्याकडचा भाऊबंद म्हणजे बिबळा. ज्याच्या पेल्यात ठेवलेले पाणी रंग धरते, तोच हा वृक्ष. पर्पलहार्ट दुसऱ्या टप्प्यावर घ्यावे, कारण ते दाट आहे आणि बोथट धारेखाली तापले की त्यातला डिंकासारखा चिकट अंश वर येऊन धारेवर बसतो. वेंगे तिसऱ्या टप्प्यावर घ्यावे. त्याच्या कुसळांसारख्या काड्या बोटांत शिरतात आणि त्या जागी लवकर पू धरतो. झेब्रानोच्या पट्ट्या देखण्या असतात, पण त्याचे तंतू आलटून-पालटून उलट दिशांना गेलेले असल्याने एका बाजूला स्वच्छ निघणारा काप दुसऱ्या बाजूला तंतू उपटतो. कोकोबोलो आणि आफ्रिकन ब्लॅकवूड यांच्याकडे पहिल्या वर्षी वळूच नये.

खरेदी करताना कायद्याचाही विचार करावा लागतो. शिसवाचा सगळा वंश, ज्यात आपला शिसव, शिसम, कोकोबोलो आणि आफ्रिकन ब्लॅकवूड येतात, २०१७ च्या सुरुवातीपासून धोक्यात आलेल्या वनस्पती-प्राण्यांच्या व्यापारावरील साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात, म्हणजे परवान्यानेच व्यापार करता येणाऱ्या यादीत, आहे. ब्राझीलचा शिसव तर १९९२ पासून पहिल्या परिशिष्टात आहे आणि त्याचा आंतरराष्ट्रीय व्यापार जवळजवळ बंद आहे. आफ्रिकेतल्या पडौकाच्या जातींनाही २०२२ मध्ये पनामा येथे झालेल्या परिषदेत दुसऱ्या परिशिष्टात घेण्यात आले. देशात रीतसर आलेल्या लाकडाचा तुकडा बिलासह विकत घेण्यात अडचण नाही, परंतु परदेशातून टपालाने ठोकळा मागवणे किंवा तयार वाडगा परदेशी पाठवणे यासाठी कागदपत्रे लागू शकतात. परदेशातल्या नातेवाइकांना पडौकाचा वाडगा भेट म्हणून पाठवण्यापूर्वी चौकशी करून घ्यावी. बिल जपून ठेवण्याची सवय पहिल्या ठोकळ्यापासूनच लावावी.

ठोकळा हातात घेतल्यावर त्याची दोन्ही टोके पाहावीत. वर्तुळाकार वलयांचा मध्यबिंदू ठोकळ्यात आला असेल, तर तो ठोकळा घेऊ नये, कारण तडा हमखास तेथूनच सुरू होतो. पृष्ठभागावर थोडे पाणी लावून पुसले की केसासारख्या बारीक चिरा गडद रेघांच्या रूपात दिसू लागतात. बोटाच्या पेराने वाजवून पाहावे. अखंड ठोकळा ठणठणीत वाजतो आणि आत चीर असलेला भद्द वाजतो.

वाळवण

मेण लावलेला ठोकळा वाळलेला असतो, असा नवशिक्यांचा सर्वसाधारण समज असतो. वस्तुस्थिती बरीचशी उलट आहे. लाकूड एकदम वाळून तडकू नये म्हणूनच त्यावर मेण चढवलेले असते, त्यामुळे आतले लाकूड कित्येकदा ओलेच असते. या एका गैरसमजापायी मी पर्पलहार्टचा एक फार सुंदर तुकडा घालवला. पुण्यात जुलै महिन्यात मेण लावलेला ठोकळा आणला, त्याच दिवशी कातून भिंत ५ मिलिमीटर जाड केली, पॉलिश केले आणि दिवाणखान्यात ठेवला. दिवाळीपर्यंत वाडगा लंबगोल झाला आणि मार्चमध्ये एका दुपारी काठापासून बुडाच्या दिशेने चार बोटे लांब चीर गेली. चीर पडली ती बरोबर जेथे काठावर तंतूंची टोके उघडी होती तेथेच.

असे का होते, ते आकड्यांत पाहिले की नीट कळते. पावसाळ्यात हवेतली सापेक्ष आर्द्रता ८० ते ८५ टक्के असते, तेव्हा लाकूड स्वतःच्या कोरड्या वजनाच्या १६ ते १८ टक्के ओलावा धरून ठेवते. देशावरच्या कोरड्या उन्हाळ्यात आर्द्रता ३० टक्क्यांच्या आसपास उतरते आणि मग लाकडातला ओलावा ६ टक्क्यांपर्यंत खाली येऊ पाहतो. एवढा ओलावा बाहेर पडताना लाकूड तंतूंच्या लांबीत जवळजवळ आकसत नाही, रुंदीत मात्र आकसते, आणि तेही वलयांना आडवे कमी व वलयांच्या दिशेने जास्त. गोल वाडगा लंबगोल होतो तो यामुळे. भिंतीत कोठे जाड आणि कोठे पातळ लाकूड राहिले असेल, तर दोन्ही भाग वेगवेगळ्या वेगाने आकसतात आणि ताण असह्य झाला की चीर पडते.

यावर उपाय म्हणजे वाडगा दोन टप्प्यांत कातणे. पहिल्या टप्प्यात तो ओबडधोबड आकारात कातून भिंतीची जाडी व्यासाच्या एक दशांश, म्हणजे १५० मिलिमीटरच्या वाडग्यासाठी १५ मिलिमीटर ठेवावी. बुडाची जाडीही तेवढीच असावी. तंतूंची टोके जेथे उघडी आहेत, त्या दोन्ही बाजूंना मेण किंवा फेव्हिकॉलचा जाड थर द्यावा. मग वाडगा त्याच्याच कोरड्या ढलप्यांसह कागदी पिशवीत ठेवून पिशवी सावलीत, वारा खेळता राहील अशा जागी ठेवावी. प्लॅस्टिकची पिशवी वापरू नये, कारण आपल्या पावसाळ्यात तिच्यात आठवड्याभरात बुरशी धरते. दर रविवारी वाडगा स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवावा आणि तारीख व वजन पेन्सिलने बुडावरच लिहावे. सुरुवातीला वजन झपाट्याने घटते, पुढे घट मंदावते. लागोपाठ तीन-चार आठवडे तोच आकडा आला, की लाकूड आपल्या हवेशी जुळले असे समजावे. दाट लाकडाला यासाठी सहज सहा महिने लागतात. ओलावा मोजणारे मीटर उपयोगी असले, तरी फार दाट आणि तेलकट लाकडात त्याचे आकडे फसवे येतात, म्हणून माझा विश्वास वजनकाट्यावर जास्त आहे.

हत्यारे आणि धार

या मापासाठी १२ इंच व्यास फिरवू शकणारा, वेग कमी-जास्त करता येणारा कोणताही लेथ चालेल. मात्र तो जड असावा किंवा मजबूत लाकडी बाकाला बोल्टने आवळलेला असावा. लाकूड पकडून फिरवण्यासाठी चार जबड्यांचा, आपोआप मध्य साधणारा चक घ्यावा. हत्यारांत एक बाउल गाऊज, म्हणजे खोल पन्हळीची गोल पटाशी, लाकूड खरवडणारा एक गोल तोंडाचा जाड स्क्रेपर आणि एक पार्टिंग टूल, म्हणजे अरुंद खाच पाडणारे हत्यार, एवढे पुरते. सगळी हत्यारे हायस्पीड स्टीलचीच असावीत, कारण साध्या पोलादाची धार पडौकासमोर दोन मिनिटेही टिकत नाही. एक गोष्ट नीट ध्यानात ठेवावी: संचातून मिळणारा रुंद रफिंग गाऊज वाडग्याला कधीही लावू नये. तो लांब दांड्याच्या कामासाठी असतो, मुठीत शिरणारे त्याचे शेपूट बारीक असते आणि आडव्या तंतूंच्या झटक्याने ते मोडून पाते अंगावर येऊ शकते.

बाउल गाऊजच्या धारेमागचा घासलेला उतार, म्हणजे बेव्हल, ५० ते ५५ अंशांचा असावा. धार लावताना बेव्हलवर मार्कर पेनने रंग द्यावा, ग्राइंडर बंद ठेवून चाक हाताने थोडे फिरवावे आणि रंग कोठे निघाला ते पाहावे. रंग टाचेपासून, म्हणजे बेव्हलच्या मागच्या कडेपासून, धारेपर्यंत सारखा निघाला, तर कोन बरोबर बसला आहे. मगच ग्राइंडर सुरू करून हलक्या हाताने दोन-तीन फेरे द्यावेत. धार उजेडात धरल्यावर कोठेही पांढरी चमक दिसली, तर त्या ठिकाणी ती बोथट आहे. विदेशी लाकडांसाठी मी दर दहा-पंधरा मिनिटांनी धार लावतो आणि शेवटच्या कापाआधी तर न चुकता लावतो. ढलप्यांऐवजी भुसा पडू लागला, हत्याराला दाब द्यावा लागला किंवा लाकडाला जळका वास येऊ लागला, की काम तेथेच थांबवावे.

स्वतःची काळजी

संपूर्ण चेहरा झाकणारी पारदर्शक ढाल लावल्याशिवाय लेथ सुरू करू नये; नुसता चष्मा पुरेसा नाही. हातमोजे, लांब बाह्या, ओढणी, पदर, गळ्यातली साखळी किंवा मंगळसूत्र, अंगठी यांपैकी काहीही लेथजवळ नको, आणि केस घट्ट बांधलेले असावेत.

धुळीविषयी अधिक विस्ताराने सांगणे मला आवश्यक वाटते, कारण तिचा त्रास त्या दिवशी दिसत नाही. लाकडाच्या धुळीला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले आहे. त्याखेरीज शिसव, कोकोबोलो, वेंगे यांच्या धुळीची शरीराला ॲलर्जी जडते. ही ॲलर्जी पहिल्या दिवशी येईलच असे नाही. महिनोन्‌महिने काही होत नाही आणि मग एके दिवशी मनगटावर पुरळ, डोळ्यांची आग किंवा धाप सुरू होते. एकदा शरीराने ते लाकूड ओळखले, की पुढे थोडीशी धूळही पुरते. म्हणून किमान एन-९५ मास्क, शक्य असेल तर बदलत्या फिल्टरचा रबरी मास्क वापरावा आणि तो केवळ घासतानाच नव्हे, तर नंतर झाडलोट करतानाही तोंडावर ठेवावा. बारीक धूळ हवेत तासभर तरंगत असते. कामाचे कपडे घरातल्या कपड्यांबरोबर धुऊ नयेत. या वेंगेच्या, पडौकाच्या ढलप्या गाई-म्हशींच्या गोठ्यात किंवा चुलीत घालू नयेत.

ठोकळा चढवणे आणि बाहेरची बाजू

ठोकळ्याची जी बाजू पुढे वाडग्याचे तोंड होणार आहे, तिच्यावर फेसप्लेट, म्हणजे लेथला बसणारी भोकांची धातूची चकती, लावावी. स्क्रूसाठी गिरमिटाने आधी भोके पाडून घ्यावीत आणि स्क्रूच्या आट्यांना थोडे मेण लावावे. भोक न पाडता पर्पलहार्टमध्ये पिळलेला स्क्रू मध्येच तुटतो. पितळी स्क्रू किंवा जिप्समच्या फळ्यांना लावतात ते काळे ठिसूळ स्क्रू येथे चालत नाहीत. लाकूडकामाचे चार ते सहा स्क्रू किमान २० मिलिमीटर आत गेले पाहिजेत. पुढे आतून पोखरताना ती भोके निघून जातात. प्लेट लेथवर बसवून समोरून टेलस्टॉकचा, म्हणजे लेथच्या दुसऱ्या टोकाच्या सरकत्या टेकूचा, आधार द्यावा, टूल रेस्ट, म्हणजे हत्यार टेकवायची पट्टी, ठोकळ्यापासून ५ ते १० मिलिमीटरवर आणावी आणि ठोकळा हाताने एक पूर्ण फेरा फिरवून कोठे अडत नाही ना, याची खात्री करावी.

लेथ मिनिटाला ५०० फेऱ्यांवर सुरू करावा आणि सुरू करताना ठोकळ्याच्या रेषेत उभे न राहता बाजूला उभे राहावे. ठोकळा गोल झाला, थरथर थांबली, की वेग १००० ते १५०० पर्यंत वाढवता येतो. व्यासाचे इंच आणि मिनिटाचे फेरे यांचा गुणाकार ६००० ते ९००० च्या दरम्यान राहावा, हा कातकामातला जुना हिशेब आहे. १००० फेऱ्यांना १५० मिलिमीटर वाडग्याचा काठ ताशी २८ किलोमीटरच्या वेगाने धावत असतो, हे लक्षात घेतले म्हणजे घाई का करू नये, ते वेगळे सांगावे लागत नाही.

आता हत्यार लावण्याचा क्रम. गाऊज प्रथम टूल रेस्टवर टेकवावा आणि तो लाकडाला लागण्याआधीच डाव्या हाताने दाबून धरावा. मग मूठ खाली ठेवून बेव्हलची टाच फिरत्या लाकडावर टेकवावी. या वेळी नुसता घासल्याचा आवाज येतो, ढलपी निघत नाही. त्यानंतर मूठ सावकाश उचलत जावे, म्हणजे धार लाकडाला भिडते आणि ढलपी निघू लागते. आधी टेकण, मग पाठ, मग धार. हा क्रम उलटला की धार आधाराविना लाकडात घुसते, हत्यार जोरात अडकते आणि ठोकळ्यातून कपचा उडतो. गाऊज हातांनी ढकलू नये. मूठ मांडीला किंवा कमरेला लावून संपूर्ण शरीर एका पायावरून दुसऱ्या पायावर झुलवावे, म्हणजे वक्राची रेषा अखंड येते.

बाहेरच्या बाजूने बुडाकडून काठाकडे, म्हणजे लहान व्यासाकडून मोठ्या व्यासाकडे कापत जावे. या दिशेने कापताना प्रत्येक तंतूला मागच्या तंतूचा आधार असतो. उलट दिशेने गेल्यास टोके उपटून निघतात आणि तेथे खरखरीत डाग राहतो, जो पुढे कितीही घासला तरी पॉलिशखाली गडद दिसतो. आकार ठरवताना वक्र एकच असावा, मध्ये सपाट जागा किंवा कोपरा राहू नये. लेथ बंद करून डोळे मिटून बोट काठापासून बुडापर्यंत फिरवावे. डोळ्यांना न दिसलेला उंचवटा बोटाला लागतो. रंगीत लाकडाला नक्षी, खाचा, मणी यांची गरज नसते, असे माझे ठाम मत आहे. पडौकाच्या वाडग्यावर केलेली प्रत्येक खाच त्याच्या रेषांच्या मधे येते.

बुडाच्या मध्यभागी चकच्या जबड्यांत धरण्यासाठी गोल गट्टू ठेवावा. त्याचा व्यास वाडग्याच्या व्यासाच्या किमान एक तृतीयांश, म्हणजे येथे ५० ते ५५ मिलिमीटर, आणि उंची ६ ते ७ मिलिमीटर असावी. गट्टूची टोके चकच्या तळाला टेकता कामा नयेत. जबड्यांचे तोंड गट्टूभोवतीच्या सपाट खांद्यावर बसले पाहिजे. वाडगा चकमधून सुटून उडण्याची घटना बहुतेक वेळा हा खांदा नीट न कातल्यामुळेच घडते.

आतली बाजू

फेसप्लेट काढून वाडगा उलटा करून गट्टू चकमध्ये आवळावा. ओला ठोकळा असेल, तर आत पोखरून १५ मिलिमीटरची भिंत ठेवावी आणि वर सांगितल्याप्रमाणे वाळत टाकावा. वाळून आलेला वाडगा लंबगोल झालेला असतो, गट्टूसुद्धा. तोंड एखाद्या लाकडी चकतीवर टेकवून आणि समोरून टेलस्टॉकचा दाब देऊन गट्टू पुन्हा गोल कातावा, बाहेरची बाजू सरळ करून घ्यावी आणि मग आत शिरावे.

खोली किती ठेवायची, ते आधीच ठरवून ८ मिलिमीटरच्या गिरमिटाने मध्यभागी तेवढे भोक पाडावे. गिरमिटावर खोलीच्या खुणेची चिकटपट्टी लावली की चूक होत नाही. भोकाचा तळ दिसेनासा झाला म्हणजे खोली गाठली. आतून कापताना दिशा बाहेरच्या उलट असते: काठाकडून मध्याकडे. गाऊजची पन्हळ सुरुवातीला जवळजवळ आडवी, म्हणजे काठाकडे पाठ करून ठेवावी, कारण बेव्हल टेकायला अजून भिंतच तयार झालेली नसते आणि या पहिल्याच क्षणी हत्यार सरकून काठ ओरबाडण्याची शक्यता सर्वाधिक असते. पार्टिंग टूलने काठाच्या आत एक उथळ खाच पाडून घेतली, तर बेव्हलला टेकायला जागा मिळते.

भिंत एकदम तळापर्यंत पातळ करू नये. काठापासून २० मिलिमीटर खोलीपर्यंतचा भाग शेवटच्या जाडीला, म्हणजे ६ मिलिमीटरला आणावा, मधला ठोकळा आधाराला तसाच ठेवावा, मग पुढचे २० मिलिमीटर घ्यावेत. एकदा खाली गेल्यावर वरच्या काठाकडे पुन्हा परतू नये, कारण मधले लाकूड गेल्यावर काठ मोकळा होऊन थरथरू लागतो. या टप्प्यावर कानांचा उपयोग करावा. भिंत जाड असते तेव्हा कापाचा आवाज घोगरा असतो, पातळ होत जाते तसा तो वर चढतो. सूर अचानक बदलला, तर जाडी सारखी राहिलेली नाही. दर दोन कापांनंतर लेथ पूर्ण थांबवून कॅलिपरने तीन जागी जाडी मोजावी. तळाच्या वळणावर, जेथे भिंत बुडाला मिळते, तेथे नवशिक्यांकडून नेहमी जादा लाकूड राहते. बाहेरून नाजूक दिसणारा वाडगा उचलल्यावर जड लागतो तो याच जागेमुळे. तेथे शेवटचा काप स्क्रेपरने घ्यावा, स्क्रेपरची मूठ किंचित वर आणि धार थोडी खाली झुकलेली ठेवून.

घासणे आणि पॉलिश

घासण्यापूर्वी टूल रेस्ट काढून ठेवावी आणि वेग निम्म्यावर आणावा. पॉलिश पेपर १२० नंबरपासून सुरू करून १८०, २४०, ३२० आणि ४०० असा क्रम पाळावा. एकही नंबर गाळू नये, कारण १२० चे ओरखडे ४०० ने निघत नाहीत, फक्त चकचकीत होतात. दोन नंबरांच्या मधे वाडगा मऊ फडक्याने पुसावा. पेपर बोटांना गरम लागला की हात काढावा. दाट लाकडात घासण्याच्या उष्णतेने तंतूंच्या टोकांवर सूक्ष्म चिरा पडतात, ज्या पॉलिशनंतरच दिसतात. पर्पलहार्टमध्ये हा अनुभव फार लवकर येतो.

पडौकाच्या बाबतीत आणखी एक काळजी घ्यावी लागते. त्याचा रंग स्पिरिटमध्ये विरघळतो, त्यामुळे वाडग्यात फिकट लाकडाची पट्टी जोडलेली असेल, तर फडक्याच्या एका फेऱ्यात ती केशरी होते. तेलकट लाकडांवर अळशीचे तेल आठवडेच्या आठवडे चिकट राहते, कारण त्या लाकडातले द्रव्य तेलाला सुकू देत नाही. यासाठी मी चपडा लाखच वापरतो. १०० ग्रॅम चपडा लाख १ लिटर पॉलिशच्या स्पिरिटमध्ये रात्रभर भिजत ठेवावी, सकाळी पातळ सुती कापडातून गाळावी आणि लेथ बंद ठेवून मऊ फडक्याने पातळ हात द्यावा. पहिला हात वाळल्यावर ४०० च्या पेपरने हलके घासून दुसरा, तिसरा हात द्यावा. शेवटी मधमाशीचे मेण लावून कमी वेगाने फडक्याने चकाकी आणावी. फडके बोटांना किंवा मनगटाला गुंडाळू नये. ते अडकले, तर हातातून सुटले पाहिजे. कामाच्या जागी स्पिरिट उघडे असताना ग्राइंडर चालवू नये. ज्यांना साध्या लाकडावर अळशीचे तेल वापरायचे आहे, त्यांनी तेलाची फडकी चुरगाळून टाकू नयेत. ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात, म्हणून पसरून वाळवावीत किंवा पाण्यात भिजवून टाकावीत.

हा वाडगा शोभेचा आहे, आमटी-भाजीचा नाही. त्यात सुकी फुले, सुपाऱ्या, किल्ल्या ठेवाव्यात. पाणी आणि गरम पदार्थ नकोत. उन्हाच्या खिडकीत ठेवला, तर पडौकाचा केशरी आणि पर्पलहार्टचा जांभळा, दोन्ही रंग हळूहळू तपकिरी होतात. कोणत्याही पॉलिशने हा बदल पूर्ण थांबत नाही, सावलीच्या जागेने मात्र तो पुष्कळ लांबतो.

उरते ते बूड. एका टाकाऊ लाकडाच्या चकतीवर वाडग्याचा काठ घट्ट बसेल अशी गोल खाच कातावी, वाडगा त्यात उपडा बसवून मधे मऊ कापड घालावे आणि टेलस्टॉक गट्टूच्या मध्यावर टेकवून हलका दाब द्यावा. छोट्या गाऊजने गट्टू उतरवत आणावा आणि बूड किंचित आत पोकळ ठेवावे, म्हणजे वाडगा टेबलावर डगमगत नाही. टेलस्टॉकखाली उरलेला बोटाएवढा टेंगूळ लेथ बंद करून धारदार पटाशीने छाटावा आणि ती जागा हाताने घासावी. शेवटचा लाखेचा हात देण्याआधी बुडावर बारीक टोकाच्या पेनाने लाकडाचे नाव, ते कोठून घेतले ती वखार आणि महिना-वर्ष लिहून ठेवावे. पाच वर्षांनी रंग बदललेला असतो आणि तेव्हा हा वाडगा पडौकाचा होता की बिबळ्याचा, हे नुसते पाहून सांगणे अवघड जाते.